कंसातली नावं

हे घाईत वाचायचं नाही. रात्रीची जेवणं आटपली, भांडी पालथी पडली, टीव्हीचा आवाज बंद झाला की हातात घ्या. मधेमधे मी ‘थांबा’ म्हणेन, तिथं खरोखरच थांबा. उरलेलं उद्यावर गेलं तरी काही बिघडत नाही. डोळे मिटायची गरज नाही. मांडी घालून ताठ बसायचीही नाही. गुडघे दुखत असतील तर खुर्ची घ्या, भिंतीला टेका. आमच्या भागात मनन करणारा माणूस बहुतेक वेळा बांधावर उकिडवा बसलेला असतो आणि जाणाऱ्या-येणाऱ्याला वाटतं, याचं काहीतरी हरवलंय. तसं वाटलं तरी वाटू द्या.

जागा मात्र मी ठरवणार. बारामतीत नीरा डाव्या कालव्याच्या कडेला या, मनानं. संध्याकाळ आहे, कालव्याला पाणी आहे, पलीकडच्या रस्त्यावर गाड्यांची वर्दळ आहे. ती असू द्या. शांतता मिळाल्यावरच विचार करू म्हणाल तर बारामतीत तो योग यायचा नाही.

पाण्याकडं बघा. हिरवट, गढूळ. नदीसारखं ते खळखळत नाही, आखून दिलेल्या उतारानं मुकाट जातं. वाहत आलेली एखादी काडी नजरेनं धरा, झेंडूचं फूल धरा, आणि ते पुलाखाली जाईपर्यंत नजर सोडू नका. गेलं की दुसरं काही धरा. अशा दोन-चार वस्तू जाऊ द्या. श्वास मोजायला मी सांगणार नाही. त्याचं तो बघून घेतो.

आता त्या काडीच्या उलट दिशेनं चला. बारामतीतून वर माळेगाव, पणदरे, निंबूत, नीरा. तिथून वीर. मग नदीच्या पात्रातून आणखी वर, भोरजवळ भाटघरला. वेळवंडी नदीवरचं तिथलं पहिलं दगडी धरण १८९२ साली पुरं झालं. कालवा त्याच्याही आधीचा. त्यात पाणी सुटलं १८८५ साली. आणि त्याच्या कामाला हात लागला तो १८७६-७७ च्या दुष्काळात, दुष्काळी काम म्हणून. गुरं मेलेली, पेवं रिकामी झालेली, माणसं गावं सोडून कामावर आलेली. सरकारनं त्या वेळी दुष्काळी कामावरच्या मजुरीला कात्री लावली. दिवसाला एक पौंड धान्य आणि वर थोडे पैसे, एवढ्यावर माणूस माती उपसू शकतो, असा इंग्रज अधिकारी रिचर्ड टेंपल यांचा हिशोब होता. पुण्याच्या सार्वजनिक सभेनं त्याविरुद्ध आवाज उठवला. एक पौंड म्हणजे अर्धा किलोलाही कमी. स्वयंपाकघरात जाऊन तेवढी ज्वारी ताटात काढून बघा. दिवसभर खणून आल्यावर त्यातून किती भाकरी होतील, आणि त्या किती जणांत, हे घरातल्या बायकांना मोजावं लागणार नाही.

थांबा.

त्या कामावरची एक बाई डोळ्यांसमोर आणा. डोक्यावर चुंबळ, चुंबळीवर मातीची पाटी. ती खालून वर येते, पाटी रिकामी करते, परत खाली जाते. तिचं नाव कुठं लिहिलेलं नाही. लिहिलं असेलच तर हजेरीपटावर, आणि तो पट आता कुठल्या दप्तरात कुजला कोण जाणे. ती ज्या उतारावरून चढली त्याच उतारानं आज तुमच्यासमोर पाणी चाललंय. तिला ऊस म्हणजे काय असणार आहे हे दिसलं नाही. साखर कारखाना दिसला नाही, वालचंदनगर दिसलं नाही, बारामतीतले मॉल तर सोडाच.

तिचे आभार मानू नका. एवढ्यात नको. आपल्याला आभार मानायची फार घाई असते, कारण आभार मानले की आपल्याला बरं वाटतं आणि विषय मिटतो. सध्या फक्त तिला पाटी घेऊन चढू द्या. एकदा, दोनदा. तिचा श्वास लागलाय. तुमचा संथ झालाय. एवढाच फरक मनात राहू द्या.

हे सांगताना एक गोष्ट वगळली तर खोटं होईल. हा कालवा सगळ्या तालुक्याचा नाही. सुपे, मोरगाव, उंडवडी, लोणी भापकर हा पट्टा जिरायत. एकाच तालुक्यात एकीकडं वर्षातून दोनदा ऊसबिलाची वाट बघणारी माणसं, दुसरीकडं टँकरची. लग्न जमवताना अजूनही पहिला प्रश्न असतो तो गाव बागायतात की जिरायतात हाच. माझी एक मावशी जिरायतात दिली होती. ती माहेरी आली की आधी हौदाकडं जायची, पायांवर तांब्याच्या तांब्या पाणी ओतायची आणि कोणाशी काही न बोलता दोन मिनिटं तशीच उभी राहायची. कृतज्ञता मी प्रथम पाहिली ती तिथं, असं आता वाटतं. तेव्हा आम्ही पोरं तिला हसायचो.

आता इंदापूरला या. पालखीच्या वाटेनं या: काटेवाडी, सणसर, बेलवडी, निमगाव केतकी. इथून मी तुम्हाला जरा एका खासगी जागी नेणार आहे, पण घाबरू नका, ती सरकारी कचेरी आहे.

आण्णा, म्हणजे माझे वडील, गेल्यावर रेशनकार्डातलं त्यांचं नाव कमी करायचं होतं. दादा आणि मी इंदापूरच्या तहसील कचेरीत गेलो. उन्हाळा होता. कचेरीच्या आवारात जुनी चिंचेची झाडं आहेत आणि त्यांवर चित्रबलाकांची वसाहत असते. ज्यांनी पाहिलं नसेल त्यांच्यासाठी सांगते: कमरेएवढा उंच पक्षी, पिवळी लांब चोच, पाठीकडच्या पिसांवर गुलाबी झाक, जणू कुणी रंगपंचमीला लांबून पिचकारी मारली. काटक्यांची घरटी, त्यांत पांढरी पिलं. मोठ्या पक्ष्यांना आवाज असा नसतोच, ते चोची वाजवतात. पिलं मात्र सतत कलकलतात. खाली जमिनीवर चुन्यासारखा सडा आणि माशांचा उग्र वास. अर्ज लिहून देणारे, स्टॅम्प घेणारे, दाखले काढायला आलेली पोरं, सगळे डोक्यावर फायली धरून त्या झाडांखालून पळत जातात.

आमचा नंबर यायला वेळ होता. मी वर बघत बसले. ऊन जसं चढलं तसा एका घरट्यातला मोठा पक्षी उभा राहिला आणि त्यानं पंख पसरले. उडायला नव्हे. पिलांवर सावली पडावी म्हणून. पाठीवर ऊन घेऊन तो तसाच उभा राहिला. आमचं काम होऊन आम्ही बाहेर आलो तेव्हाही तो उभाच होता; मधे जोडीदारानं पाळी बदलली असेल तर मला कळलं नाही.

यावरून आण्णांची आठवण आली, असं लिहिणं सोपं आहे. आली नाही. मला भूक लागली होती आणि दादानं मूळ कार्डाची झेरॉक्स आणली नव्हती म्हणून मी चिडले होते. आठवण आली ती पुष्कळ नंतर, सातबारा बघताना.

वारसनोंदीचा अर्ज तलाठ्याकडं दिला, फेरफार पडला, नोटिशीची मुदत संपली, मंडल अधिकाऱ्यांनी नोंद मंजूर केली. दादानं मोबाइलवर नवीन सातबारा काढून दाखवला. आईचं नाव, दादाचं, माझं. आणि आमच्या वर आण्णांचं नाव, कंसात, त्यावर एक आडवी रेघ. मला वाटलं होतं मेलेल्या माणसाचं नाव खोडतात. तसं नाही करत. महसूल खातं नाव पुसत नाही. कंस करतं आणि शेजारी फेरफाराचा नंबर घालतं, म्हणजे पुढं कोणी विचारलं की जमीन कुणाकडून आली, तर सांगता यावं. रेघेखालून नाव स्वच्छ वाचता येत होतं.

सरकारी कागदानं मला रडवलं ती ही एकच वेळ. (हक्कसोडपत्राचा विषय त्यानंतर घरात निघाला. सही केली की नाही ते इथं सांगत नाही. बहिणींना विचारा, त्यांना न सांगता कळेल.)

थांबा.

तुमच्या घरातलं एक कंसातलं नाव घ्या. एकच. मृत्यूचा दिवस, दवाखाना, शेवटचे शब्द, यांतलं काही आठवू नका. ते पुष्कळदा आठवून झालंय आणि त्याला आता घडी पडलीय. त्या माणसाची एक त्रासदायक सवय आठवा. पहाटे चारला उठून रेडिओ लावणं. प्रत्येक वस्तूची किंमत विचारणं आणि ‘बारामतीत स्वस्त मिळाली असती’ म्हणणं. फोनवर हळू न बोलता येणं. घरात कुणी नसताना कुणाशी तरी बोलल्यासारखं पुटपुटणं.

आण्णांची सवय होती बॅटरीची. रात्री दारं धरायला जायचे, म्हणजे पाटाचं पाणी एका सरीतून दुसऱ्या सरीत वळवायला, तेव्हा त्यांच्या हातात एक पत्र्याची जुनी बॅटरी असायची. ती ते कुणाला हात लावू देत नसत. दादानं चार्जिंगची नवी आणून दिली, ती कपाटात पडून राहिली. ते गेल्यावर मी ती पत्र्याची बॅटरी उघडली. सेल हलू नयेत म्हणून मागच्या झाकणात कागदाची घडी घातलेली होती. उलगडली तर कारखान्याच्या काट्याची पावती. कुठल्या तरी जुन्या हंगामातली, शाई उडालेली, फक्त वजनाच्या आकड्यातला शेवटचा शून्य दिसत होता. इतक्या रात्री त्या एका कागदाच्या दाबावर उजेड चालू राहिला होता.

तुमच्या माणसाची ती त्रासदायक सवय अजून थोडा वेळ धरून ठेवा. तिच्यामागं काय होतं ते शोधायची घाई नाही. काही सवयींमागं काहीच नसतं. रेडिओ लावणाऱ्या माणसाला फक्त रेडिओ आवडत असतो. पण ती सवय आता घरात नाही, ही जागा बोटानं चाचपून बघा, दात पडल्यावर जीभ जाते तशी. दुखतं का? थोडं दुखलं तर दुखू द्या. तिथं काही भरायला जाऊ नका.

आता उत्तरेला, पळसदेवकडं.

पुणे-सोलापूर रस्त्यानं जाताना जे पळसदेव लागतं ते नवीन गाव. जुनं पाण्यात आहे. भीमेवरचं उजनी धरण माढा तालुक्यात. १९६६ साली यशवंतराव चव्हाणांच्या हातून पायाभरणी झाली, १९८० साली काम पुरं झालं. पाणी मागं मागं सरकत इंदापूर, करमाळा, दौंड, कर्जत इकडच्या गावांत शिरलं. पुणे, सोलापूर आणि तेव्हाचा नगर, अशा तीन जिल्ह्यांतली माणसं उठली. पळसदेवची पिंड नव्या गावच्या देवळात आली. जुनं पळसनाथाचं देऊळ पाण्याखाली राहिलं. एरवी शिखराचा थोडा भाग दिसतो, नाही तर तोही नाही. धरण फार खाली गेलं की ते सबंध बाहेर येतं. २०२४ च्या उन्हाळ्यात तसं आलं.

त्या उन्हाळ्यात लोक गाड्या करून बघायला आले. गाळ वाळून त्याच्या खपल्या झालेल्या, त्यांतून वाट काढत. तरुण पोरं खांबांना टेकून फोटो काढत होती, वीरगळांवर हात फिरवत होती. मीही गेले होते. माझ्या लक्षात राहिली ती देवळापासून लांब, उघड्या पडलेल्या जोत्यांमधून चालणारी एक म्हातारी. सोबत नातू असावा. ती जोती मोजत होती. हे अमक्याचं, हे तमक्याचं, इथं बोळ, इथं आड. एका ठिकाणी ती थांबली, पायानंच गाळ बाजूला केला. खाली दगडी उखळ होतं, जमिनीत रुतलेलं. ती वाकली आणि त्यात साचलेला वाळका चिखल बोटांनी खरवडून काढायला लागली. नातू म्हणाला, ‘आज्जे, ते काय न्यायचंय का?’ ती म्हणाली, ‘न्हाई रं. घाण झालंय.’ आणि उखळ स्वच्छ होईपर्यंत ती उठली नाही.

पुढच्या दोन-तीन महिन्यांत ते परत बुडणार होतं. बुडालंही. ऑगस्टात धरण शंभर टक्क्यांवर गेलं.

थांबा. त्या उखळापाशीच थांबा.

इथं एक हिशोब समजून घेतला तर बरं. उजनीची एकूण साठवण सुमारे ११७ टीएमसी. त्यातलं त्रेसष्ट-चौसष्ट टीएमसी पाणी दरवाजे-कालव्यांच्या हिशोबाखालचं, कागदावर मृत साठा. मोजदाद सुरू होते ती त्याच्या वरच्या साडेत्रेपन्नची. म्हणून आमच्याकडं उन्हाळ्यात पेपरात येतं, ‘उजनी उणे वीस’, ‘उजनी उणे चाळीस’. परगावचा माणूस विचारतो, धरण शून्याच्या खाली कसं जाईल? जातं. २०२४ ला उणे साठच्या आसपास गेलं होतं. म्हणजे जे पाणी हिशोबातच धरलेलं नाही त्यातलं बत्तीसेक टीएमसी वापरून गावं जगली, सोलापूर पाणी प्यालं, उभा ऊस वाचला.

आणि मृत साठ्याच्या तळाशी काय आहे? जोती आहेत. आड आहेत. ते उखळ आहे.

मी हे लिहितानाही चहा घेतेय आणि त्यात साखर आहे. त्या साखरेला भाटघरच्या पाण्याची चव आहे की उजनीच्या, सांगता येत नाही, पण दोन्हींच्या तळाशी कुणाची ना कुणाची घरं आहेत. धरणग्रस्तांनी आम्हाला पाणी दिलं, असं व्यासपीठावरून म्हणतात. दिलं नाही त्यांनी. त्यांचं गेलं, आणि ते आम्हाला मिळालं. हे दोन्ही एका वाक्यात बसवून मग जी जाणीव उरते, तिलाच मी कृतज्ञता म्हणायला तयार आहे. तिच्यात बरं वाटण्याचा भाग फार थोडा असतो. थोडी शरम असते, थोडी सावधगिरी असते, आणि नळ चालू ठेवून दात घासताना हात आपोआप तोटीकडं जातो.

म्हणून ‘जे होतं ते चांगल्यासाठीच’ असं कुणी म्हणालं की माझं डोकं फिरतं. दशक्रियेच्या घाटावर असं म्हणणारे दोघेतिघे हमखास असतात. त्यांना मी उजनीच्या काठच्या कुंभारगावला नेईन. हिवाळ्यात तिथं रोहित येतात, डिकसळच्या बाजूला पट्टकादंब येतात, हिमालय ओलांडून. बुडालेल्या शेतांवरचा उथळ चिखल रोहितांना मानवतो. चोच उलटी घालून त्यातलं बारीक बारीक गाळून खातात. हजारो गुलाबी पाय एकदम हलतात तेव्हा माणूस गप्प होतो. होडीवाल्यांची, घरगुती जेवण देणाऱ्या बायकांची त्यावर चूल पेटते. सगळं खरं. पण कुणाचं शेत रोहित यावेत म्हणून बुडालं नव्हतं. पाणी आलं, मग चिखल झाला, मग पक्षी आले. एकामागून एक झालं, एवढंच. एकासाठी दुसरं झालं, असं नाही.

आणि तेच पाणी काय करतं तेही बघा. धरणाआधी कुगाव आणि कळाशी ही नदीच्या दोन काठांवरची गावं, उन्हाळ्यात पात्रातून पायी जाण्यासारखी. मुली इकडून तिकडं दिलेल्या, बाजार सामाईक. धरणानंतर मधे पाण्याचा पसारा. रस्त्यानं जायचं तर मोठा वळसा, म्हणून लोक बोटीनं जायचे. २१ मे २०२४ च्या संध्याकाळी कुगावहून कळाशीला येणारी बोट वादळी वाऱ्यात उलटली. एक जण पोहून काठाला लागला. सहा जण गेले, त्यांत दोन लहान मुलं. धरण त्या दिवशी उण्यात होतं. पळसदेवला लोक कोरड्या गाळावरून देऊळ बघत चालत होते त्याच दिवसांत, त्याच पाण्यात.

याच्यावर मला काही सांगता येत नाही. मननाला बसलं म्हणजे प्रत्येक गोष्टीतून काहीतरी निघतंच, असा एक समज आहे. यातून काही निघत नाही. शिरसोडी-कुगाव पूल मंजूर झाला, तो व्हावा. तुम्ही फक्त त्या सहा जणांसाठी, नावं माहीत नसताना, काही क्षण इथं बसा. प्रार्थना येत असेल तर करा. नसेल तर नुसतं बसा.

थांबा.

पाय आखडले असतील तर लांब करा. पाणी प्या. मी मघाशी पालखीच्या वाटेनं चला म्हणाले आणि वाटेत कुठं थांबवलं नाही, ते आता पुरं करते.

आषाढी वारीला तुकोबांची पालखी काटेवाडीत येते तेव्हा परीट समाज तिच्या वाटेवर धोतरांच्या पायघड्या घालतो. मेंढ्या पालखीभोवती रिंगण धरतात, त्याचीच छायाचित्रं जास्त छापून येतात. मला पायघड्या आवडतात. पांढरीशुभ्र धुतलेली धोतरं, रस्त्याच्या धुळीत, अंथरली आणि मळू दिली. ज्यांचं आयुष्य कापड स्वच्छ करण्यात गेलं त्यांनी ते स्वतःहून मळू द्यायचं. आभाराचं भाषण नाही, हार नाही. उद्या ती परत धुतली जातील. मग पालखी बेलवडीत रिंगण करून, निमगाव केतकीवरून इंदापूरला आणि पुढं सराटीला जाते. तिथं पादुकांना नीरेचं स्नान घालतात. आपण कालव्याच्या कडेला बसून जिच्या उगमाकडं गेलो होतो, तीच ही नीरा. पलीकडं सोलापूर जिल्हा.

पालखी पुढं गेली की आमच्या भागात आडसालीची गडबड सुरू होते. जुलै-ऑगस्टात लावलेला आडसाली ऊस तुटायला पुढच्या वर्षीचा हिवाळा उजाडतो. सोळा-अठरा महिने. लावताना कुणाला ठाऊक नसतं की त्या वेळी भाव काय असेल, धरण अधिक असेल की उणे, टोळी वेळेवर येईल की तुऱ्याला आलेल्या उसाकडं बघत बसावं लागेल. तरी दोन डोळ्यांची टिपरी सरीत ठेवायची, पायानं दाबायची, पुढं सरकायचं. मी पुष्कळ शेतकऱ्यांना विचारलं की लावताना मनात काय असतं. कुणी आशा म्हणालं नाही. ‘कंबर,’ असं एक जण म्हणाला. ‘कंबर मनात असते.’

तोडणीला बीडकडच्या, नगरकडच्या टोळ्या येतात. कारखान्याजवळ नाही तर शेताच्या कडेला पाचटाची कोप, पहाटे कोयता, थंडीत दवानं भिजलेलं पाचट. त्यांची म्हातारी माणसं आणि कधी कधी शाळेतली पोरंही मागं गावाकडं राहतात. आमच्या हिवाळ्याचं सगळं सुख त्यांच्या घराला लागलेल्या कुलपावर उभं आहे. मघाच्या पाटीवाल्या बाईला चेहरा सापडत नसेल तर नोव्हेंबरात या भागात या. चेहरा सापडेल, नावही सापडेल. विचारलं तर सांगतात.

थांबा. हे शेवटचं.

आता आभार मानायला हरकत नाही, पण तोंडानं नको. दिवसभरात तुमच्यासाठी ज्यानं काही केलं, त्याचं त्यात काय गेलं, हे एकाच्या बाबतीत शोधून बघा. डबा करून देणाऱ्या आईची झोप. तुमच्या शिक्षणासाठी शाळा सोडलेली थोरली बहीण. तुम्ही विसरलात तरी पाळी चुकू न देणारा पाटकरी. एकाचंच. सगळ्यांची यादी केली की ती यादीच होते. सापडलं की काय करायचं ते तुमचं तुम्हाला सुचेल. सुचलं नाही तरी त्या माणसाशी उद्या बोलताना आवाज थोडा खाली येईल, एवढं नक्की.

उठायच्या आधी आमच्या घरचं एक अजून न मिटलेलं प्रकरण सांगते. आण्णांनी शेवटचा आडसाली लावला तो ओढ्याकडच्या तुकड्यात. त्यांना तो तुटलेला बघायला मिळाला नाही. दादानं तो तोडला, बुडखे जमिनीलगत छाटले, पाचट जाळू दिलं नाही, पाणी दिलं. खोडवा फुटला. चांगला फुटला. तो तुटला तसा निडवा, म्हणजे दुसरा खोडवा, ठेवला. आता तोही कारखान्याला गेलाय आणि प्रश्न आलाय. दादा म्हणतो, टनेज पडलंय, मुळं थकलीत, नांगर घालून हरभरा करू, जमिनीला विसावा मिळेल. कृषी खात्याचा माणूसही तेच म्हणेल आणि तो बरोबर असेल. आई म्हणते, राहू दे अजून एक साल. कारण विचारलं तर सांगत नाही, पण सकाळी चहा झाला की ओढ्याकडं एक चक्कर मारून येते आणि कुठं कुठं डोळा फुटलाय ते जेवताना सांगते. दादा मान खाली घालून जेवतो. ट्रॅक्टरवाल्याला त्यानं सांगितलेलं नाही, नको असंही कळवलेलं नाही. माझं मत आईच्या बाजूनं आहे, पण ते अजून कुणी विचारलेलं नाही.